बोन कंडक्शन हेडफोनचा आवाज दबका येतोय? परत पाठवण्याआधी हे करून बघा

घरात आवाज अगदी स्वच्छ येतो. जिना उतरून रस्त्यावर आलं की निम्मा होतो, आणि स्टेशनवर पोचेपर्यंत गालाला नुसती थरथर जाणवते, शब्द कळत नाहीत. बोन कंडक्शन हेडफोन, म्हणजे कानात न घालता गालाच्या हाडावर टेकवून ऐकायचे हेडफोन, नव्याने घेतलेल्या माणसाची ही ठरलेली तक्रार. तिच्या मागोमाग आणखी दोन येतात: एका बाजूने कमी ऐकू येतं, आणि आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात. मी हे हेडफोन रोज वापरते, घरात बाबा वापरतात, आणि ओळखीतल्या कुणी नवीन घेतले की पहिल्या आठवड्यात मला हमखास फोन येतो. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आवाज पुरत नाही म्हणून व्हॉल्यूम शेवटच्या टोकाला नेऊ नका. त्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, गुदगुल्या मात्र वाढतात, आणि कानाला धोका असतोच. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सुरुवात कानात बोटं घालून

घरातल्या शांत खोलीत बसा. बातम्या किंवा पॉडकास्ट असं काहीतरी बोलण्याचं लावा. गाण्यावर फरक तितका नीट कळत नाही. व्हॉल्यूम मध्यावर ठेवा. आता गालावर टेकलेल्या पॅडला धक्का न लावता दोन्ही कानांची भोकं बोटांनी बंद करा.

आवाज वाढला, भरदार झाला, डोक्याच्या मधोमध आल्यासारखा वाटला, तर हेडफोन ठीक आहे आणि पॅडही जागेवर आहेत. तुमची अडचण बाहेरच्या गोंगाटाची आहे. जेमतेम वाढला किंवा एकाच बाजूला वाढला, तर बहुधा पॅड हाडावर नीट टेकलेले नाहीत. आणि कान बंद केल्यावर आवाज चक्क कमी झाला, तर तुमच्याकडे आलेला हेडफोन बोन कंडक्शनचा नाहीच.

हा तिसरा प्रकार दुर्मीळ नाही. स्वस्तात 'बोन कंडक्शन' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच हेडफोनमध्ये कानासमोर टांगलेला साधा छोटा स्पीकर असतो आणि तो हवेतूनच ऐकवतो. उघड्या कानाचा हेडफोन म्हणून तो वापरता येतो, पण खालचे बहुतेक उपाय त्याला लागू पडत नाहीत. परत करायचा असेल तर मुदतीच्या आत करा. मात्र २०२४ मध्ये आलेल्या शॉक्झ ओपनरन प्रो २ सारख्या मॉडेलमध्ये हाडाचा पॅड आणि हवेचा स्पीकर असे दोन्ही असतात. अशा हेडफोनवर कान बंद केल्यावर बोलणं टिकतं आणि संगीताचा खालचा भाग बदलतो, तेव्हा तो नकली समजू नका.

ही चाचणी का चालते ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. एरवी आवाज हवेतून येतो, कानाच्या पडद्यावर आदळतो, मधल्या कानातल्या तीन इवल्या हाडांच्या साखळीतून आतल्या शंखाकृती कॉक्लियात पोचतो. या हेडफोनचा पॅड गालाच्या हाडालाच कंप देतो आणि ते कंप कवटीतून थेट कॉक्लियापर्यंत जातात. जाता जाता कानाच्या नळीच्या भिंतीही थरथरतात आणि नळीतल्या हवेत थोडा आवाज तयार होतो. कान उघडा असला की त्यातला खालच्या सुरांचा बराच भाग बाहेर निसटतो. बोट घातलं की तो आत कोंडतो आणि पडद्याकडे वळतो. हेडफोन काढून ठेवा, ओठ मिटून 'म्म्म' असा सूर धरा आणि मध्येच कान बंद करा. स्वतःचाच आवाज डोक्यात कसा घुमतो ते लगेच कळेल.

पॅडची जागा

मला आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त इथेच सुटल्या आहेत, म्हणून या भागाला वेळ द्या.

कानाच्या भोकापुढे कूर्चेचा छोटा उंचवटा असतो. त्याच्या लगेच पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटाखाली जबड्याचा सांधा सरकताना लागेल. त्याच्या किंचित वर आणि पुढे, कानाकडून गालाकडे जाणारं आडवं हाड हाताला लागतं. पॅड त्या हाडावर हवा. इयरफोनची सवय असलेले लोक तो मागे ओढून भोकावर आणतात, मग अर्धा पॅड कूर्चेवर टेकतो आणि आवाज दबतो. काहींचा पॅड खाली सांध्यावर जातो, मग बोलताना आणि जेवताना आवाज खालीवर होत राहतो. चिवडा खाताना मात्र पॅड कितीही नीट बसवला तरी फारसं ऐकू येणार नाही, कारण चावण्याचा आवाजही हाडातूनच कॉक्लियात जातो. तेवढा वेळ बातम्या थांबवा.

जागा सापडली की बोलणं चालू ठेवून पॅड अगदी थोडा, अर्धा सेंटिमीटर इतकाच, पुढे-मागे आणि वर-खाली सरकवा. एका जागी शब्द एकदम उजळ होतात. ती जागा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वेगळी असते, दोन गालांवरही थोडी वेगळी असू शकते. आरशात बघून ठेवा.

मग प्रश्न उरतो तो पॅड तिथून हलवतं कोण याचा. डोक्यामागून जाणारा बँड कशालाही अडला की तो पुढे ढकलला जातो आणि दोन्ही पॅड गालावरून उचलले जातात. शर्टाची कडक कॉलर, मानेशी बांधलेला अंबाडा, गुंडाळलेली ओढणी, जॅकेटची टोपी, बसची उंच पाठ, झोपल्यावर उशी: यातलं काहीतरी असतंच. 'लोकलमध्ये उभी असताना ठीक येतं, बसले की आवाज जातो' असं एकीने सांगितलं तेव्हा दोष सीटच्या पाठीचा होता. वेणी किंवा अंबाडा बँडच्या वर घ्या, कॉलर खाली करा, टेकून बसायचं असेल तर डोकं किंचित पुढे ठेवा.

चष्मा असेल तर आधी हेडफोन घाला आणि चष्म्याची काडी त्यावरून घ्या. उलट क्रमाने घातलं तर हेडफोनचा कानावरचा आकडा काडीवर चढतो आणि पॅड अधांतरी राहतो. मास्कची नाडी सगळ्यात शेवटी. दाट दाढी किंवा लांब कल्ले असतील तर केस पॅड आणि कातडीच्या मध्ये येतात. पॅडखालचे केस बारीक केले की फरक पडतो. डोक्याला भरपूर तेल लावलं असेल किंवा गालावर सनस्क्रीनचा थर असेल तर पॅड घसरतो, तेवढी जागा पुसून घ्या.

बँड सैल वाटला तर हाताने वाकवू नका. आत लवचीक धातूची तार असते, ती मूळ आकारात परत येते, आणि वर सिलिकॉनला मात्र ताण बसतो. लहान चेहऱ्याच्या माणसाने विकत घेतानाच 'मिनी' माप मिळतं का ते पाहावं. नेहमीच्या मापापेक्षा त्याचा बँड साधारण दोन सेंटिमीटरने लहान असतो. माझ्या मते घरातल्या शाळकरी मुलाला मोठ्यांचा हेडफोन देण्यात काहीच अर्थ नाही, त्याला तो बसतच नाही.

घरात छान, स्टेशनवर काहीच नाही

कान उघडे ठेवण्यासाठीच हे हेडफोन आहेत. त्यामुळे लोकलच्या चाकांचा खडखडाट, पंख्यांची घरघर, रिक्षांचे हॉर्न सगळं कानात पूर्ण येतं आणि पॅडमधून येणारे हळू शब्द त्याखाली झाकले जातात. ठाण्याहून भायखळ्यापर्यंत मी रोज हा अनुभव घेते. यावर तीन गोष्टी कामाला येतात.

पहिली, बोलण्यासाठीचा इक्वलायझर, म्हणजे सूर कमी-जास्त करणारी सोय. बऱ्याच मॉडेलमध्ये गाणं चालू असताना व्हॉल्यूमची दोन्ही बटणं एकत्र थोडा वेळ दाबली की मोड बदलतो, काहींत कंपनीच्या ॲपमधून बदलतो. बोलण्याच्या मोडमध्ये खालचे सूर कमी होतात आणि शब्द पुढे येतात.

दुसरी, फोमचे इयरप्लग. विचित्र वाटेल, पण बोटांची चाचणी आठवा. डब्यात जागा मिळाल्यावर मी प्लग घालते: चिमटीत गोल वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला तर बाहेरचा आवाज २५-३० डेसिबलपर्यंत खाली येतो, हेडफोनचा मात्र वाढतो, आणि व्हॉल्यूम दोन-तीन पायऱ्या कमी करावा लागतो. काही हेडफोनमध्ये यासाठी वेगळा मोडही असतो, कारण प्लग घातल्यावर खालचे सूर जरा जास्तच घुमतात. हा उपाय फक्त बसलेल्या जागी: गाडीत, बसमध्ये, विमानात. फलाटावर, रस्ता ओलांडताना, सकाळी फिरताना कान उघडेच हवेत. कान फुटका असेल, वाहत असेल किंवा दुखत असेल तर प्लग अजिबात नको.

तिसरी, ऐकायचं काय ते जागा बघून ठरवणं. हळू आवाजातली मुलाखत सिग्नलच्या चौकात कळणार नाही, ती घरी ऐका. दुचाकी चालवताना मी हेडफोन लावत नाही आणि कुणाला लावायला सांगतही नाही. हेल्मेटची आतली गादी पॅडला जागेवरून हलवते ही त्यातली लहान गोष्ट. लक्ष रस्त्यावर हवं ही मोठी.

आता व्हॉल्यूमबद्दल. 'पडद्यावर आवाज जातच नाही, मग कान कसा खराब होईल' हा समज फार पसरलेला आहे. मोठ्या आवाजाने जे मरतं ते कॉक्लियातल्या नाजूक केशपेशींचं जाळं, आणि हाडातून गेलेला आवाजही त्याच पेशींवर पडतो. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास असा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. फोन दाखवतो ती डेसिबलची पट्टी कानातल्या इयरफोनच्या हिशेबाने बनवलेली असते, इथे तिच्यावर विसंबू नका. त्याऐवजी रात्री शांत घरात बोलणं आरामात कळेल इतका व्हॉल्यूम ठेवा आणि ती पायरी लक्षात ठेवा. बाहेर त्याच्या फार वर जावं लागत असेल, तर ती जागा ऐकण्याची नाही.

एकाच बाजूने येतोय

आधी व्हॉल्यूम मध्यावर ठेवून दोन्ही पॅडवर एकेक बोटाचं टोक ठेवा. दोन्ही सारखे थरथरले पाहिजेत. कानाने ठरवू नका, कारण एका गालावरचा कंप जवळजवळ तितक्याच जोराने दुसऱ्या कॉक्लियापर्यंतही पोचतो. एक पॅड पूर्ण बंद पडला तरी काही जणांना ते कितीतरी दिवस कळत नाही.

थरथर कमी-जास्त असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते, ती मध्यावर आहे का ते बघा. लहान मुलांच्या हातात फोन गेला की ती सरकलेली सापडते. ती ठीक असूनही फरक राहिला तर दोष हेडफोनमध्ये आहे.

दोन्ही पॅड सारखे थरथरत असतील तर बाजू बदलून बघा. बँड चेहऱ्यासमोर येईल असा हेडफोन फिरवा, म्हणजे डावा पॅड उजव्या गालावर जाईल, आणि दोन्ही पॅड हातांनी सारख्या दाबाने टेकवा. फरक पॅडबरोबर दुसरीकडे गेला तर यंत्राचा. त्याच कानाशी राहिला तर प्रश्न कानाचा आहे.

बाबांच्या बाबतीत हेच झालं. त्यांच्या डाव्या कानाच्या पडद्याला जुनं छिद्र आहे, कान मधूनमधून वाहतो, त्यामुळे कानात घालायचे इयरफोन डॉक्टरांनी बंद केले होते. सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्या ऐकायला हा हेडफोन आणला, आणि पहिल्याच दिवशी ते म्हणाले, 'अगं, याचा उजवा बिघडलाय, सगळं डावीकडेच ऐकू येतंय.' बाजू बदलल्या तरी आवाज डावीकडेच. म्हणजे जो कान एरवी कमी ऐकतो त्याच कानात हाडातला आवाज मोठा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना यात काही नवल वाटलं नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून त्यांनी बाबांच्या कपाळावर टेकवला, तेव्हाही बाबांनी डाव्या कानाकडेच बोट दाखवलं. आवाज पोचवण्याच्या वाटेत, म्हणजे नळीत, पडद्यात किंवा मधल्या हाडांत अडथळा असला की हाडातून आलेला आवाज त्याच बाजूला जोरात वाटतो. या तपासणीला वेबर चाचणी म्हणतात आणि ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे.

तेव्हा तुमच्या एका कानात हेडफोनचा आवाज अचानक जास्त वाटू लागला, तर त्या कानात मळ साचला आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. पिन किंवा काडी घालून स्वतः काढू नका. आणि एखाद्या कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत एकदम कमी झालं, सोबत शिट्टी वाजू लागली किंवा गरगरलं, तर हेडफोनची चौकशी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आतल्या कानाच्या अशा बिघाडावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. कानात इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर असलेल्यांनी हेडफोन घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. पॅडमध्ये आणि चार्जरमध्ये चुंबक असतात.

गुदगुल्या आणि दुखणं

खालचे सूर वाजवायला पॅडला जास्त हलावं लागतं. डग्ग्याची घुमक किंवा ढोलताशा लावला की गाल थरथरतो तो त्यामुळे. बास कमी करा, व्हॉल्यूम उतरवा, आणि ढोलताशा घरच्या स्पीकरवर ऐका. मला विचाराल तर हा हेडफोन बोलण्यासाठी, गायनासाठी, बासरी-सतारीसाठी उत्तम आहे. कानशिलं दुखत असतील तर सुरुवातीला थोडा थोडा वेळ वापरा. पॅडखाली लाल चट्टा राहत असेल तर घाम पुसून जागा कोरडी ठेवा.

पहिला शब्द गिळला जातो

माझी एक मैत्रीण पूर्ण अंध आहे. हातात काठी, फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, आणि गालावर हा हेडफोन, असा तिचा रोजचा प्रवास. दोन्ही कान रस्त्यासाठी मोकळे राहतात, म्हणून तिच्यासाठी हा हेडफोन फार मोलाचा आहे. तिची अडचण अशी की फोन 'संदेश पाठवा' म्हणायचा आणि तिला 'देश पाठवा' ऐकू यायचं. काही क्षण आवाज नसला की ब्लूटूथचा ऑडिओ बॅटरी वाचवायला झोपतो, आणि पुन्हा जागा होईपर्यंत पहिलं अक्षर निघून जातं. फोनवर मागे अगदी हळू पावसाचा किंवा शांततेचा ट्रॅक चालू ठेवला की जोडणी जागी राहते. बॅटरी थोडी जास्त जाते, पण अक्षरं पूर्ण येतात. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरत असाल तर त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बोलणं संपल्यावर ऑडिओ किती वेळ जागा ठेवायचा याचा पर्याय आहे, तो वाढवा.

ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, ही तक्रारही येते. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ हलक्या दर्जाच्या एकाच वाहिनीवर उतरतो. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा.

चालताना आवाज तुटत असेल तर फोन मागच्या खिशातून काढून वरच्या खिशात ठेवून बघा, मग बाजू बदलून बघा. ब्लूटूथच्या लहरी ओलाव्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच आहे. याच कारणाने पोहताना फोनवरून ऐकता येत नाही. त्यासाठी गाणी आतच साठवणारं मॉडेल लागतं.

शेजारच्याला ऐकू जातं का? जातं, शांत खोलीत आणि मोठ्या व्हॉल्यूमवर. वाचनालयात लावू नका.

घाम, पाऊस आणि चार्जिंग

हेडफोनवर आयपी६७ लिहिलेलं असेल तर ते पाणी आणि धूळ अडवण्याचं माप आहे: स्वच्छ पाण्यात एक मीटर खोलीवर अर्धा तास. चार्जिंग चालू असताना ही हमी धरू नका. फिरून आल्यावर ओल्या हेडफोनला चार्जर लावला की काही मॉडेल बीप करून लाल-निळा दिवा लुकलुकवतात. तो ओलाव्याचा इशारा असतो, लगेच चार्जर काढा. मऊ कापडाने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यातही नको, पिठूळ धूळ फटीत बसते.

काही महिन्यांनी चार्जिंग मधूनच तुटायला लागलं तर चार्जरचं आणि हेडफोनचं, जिथे ते जुळतात ती दोन्ही टोकं उजेडात धरा. घामाच्या मिठाचा हिरवट-पांढरा थर किंवा चुंबकाला चिकटलेली लोखंडाची बारीक कुसं दिसतील. कुसं चिकटपट्टीने उचला, थर कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. तरीही चार्ज होत नसेल तर फोनचा जलद चार्जर बाजूला ठेवून साधा पाच व्होल्टचा ॲडाप्टर लावून बघा. काही हेडफोन दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या वायरीवर चार्ज होत नाहीत, त्यांना जुन्या चपट्या टोकाची वायर लागते.

इतकं करूनही एक पॅड थरथरत नसेल किंवा चार्जिंग लागत नसेल, तर दुरुस्तीला देताना बिलासोबत छोटा व्हिडिओ न्या: बोट दोन्ही पॅडवर आळीपाळीने ठेवलेलं, फोनवर डाव्या-उजव्याची पट्टी मध्यावर दिसणारी. 'आमच्याकडे तर चालतोय' म्हणून हेडफोन परत हातात मिळण्याची शक्यता त्याने बरीच कमी होते.